डॉ. कोटणीस यांचे स्मरण कशासाठी?

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव ज्याच्या कानांवरून गेले नाही असा सुशिक्षित मराठी माणूस विरळाच. परंतु त्या नावापुढे काय आठवते, असे विचारले तर बहुतेकांची मजल एका चित्रपटापलीकडे जात नाही. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर चीनला गेला, तेथे त्याने जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, एका चिनी तरुणीशी विवाह केला आणि तेथेच त्याचा अंत झाला, एवढ्यात सारे आटोपते. चीनचा एखादा बडा नेता भारतात आला, की हीच वाक्ये पेटीतून बाहेर काढली जातात, त्यांवरची धूळ झटकली जाते आणि पाहुणे परतले की ती पुन्हा पेटीत जातात. ज्या माणसाने परक्या देशाच्या युद्धात आपल्या आयुष्याची शेवटची चार वर्षे घातली, त्याच्या वाट्याला असे शिष्टाचारापुरते स्मरण यावे हे खटकते.

याचे एक कारण युद्धस्मरणाच्या आपल्या सवयीत आहे. सैनिकाचे स्मरण पराक्रमाच्या भाषेत करता येते. अमुक चौकी राखली, तमुक टेकडी जिंकली, असे शिलालेखावर कोरता येते. त्या सैनिकाला मागे नेऊन त्याचा पाय कापणाऱ्या अथवा वाचवणाऱ्या वैद्याजवळ कोरण्याजोगे असे काय असते? त्याने केले ते काम होते. रात्रंदिवस चाललेले, कंटाळवाणे म्हणावे इतके एकसारखे. पुतळा माणसाच्या चेहऱ्याचा होतो, कामाचा होत नाही. म्हणून कोटणीस यांचे चरित्र पुन्हा एकदा, पण कामाच्या अंगाने, पाहिले पाहिजे.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. कापड गिरण्यांचे हे गाव त्यांच्या तारुण्यात राजकारणाने तापलेले होते. १९३० मध्ये येथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आली. त्या वेळी कोटणीस वीस वर्षांचे होते. या घटनेचा त्यांच्या मनावर काय परिणाम झाला याविषयी कल्पनाविलास करण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे, की दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालणे ही त्या पिढीच्या सोलापूरकरांना पुस्तकातून शिकावी लागलेली गोष्ट नव्हती. पुढे मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९३६ मध्ये पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण, मग व्यवसाय आणि कुटुंबाला हातभार असा सरळ रस्ता समोर होता.

तो सोडण्याचे निमित्त १९३८ मध्ये घडले. जुलै १९३७ पासून जपानने चीनवर उघड आक्रमण केले होते. चिनी आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, बावीस हजार रुपये जमले आणि एक रुग्णवाहिका मिळाली. स्वतःच पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी डॉक्टर धाडावेत, हा प्रकार आजच्या हिशेबी राजनीतीत वेडेपणाच ठरला असता. पथकात पाच जण होते. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे प्रमुख. स्पेनच्या यादवी युद्धातील वैद्यकीय कार्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर हे वयाने सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी हे आणखी दोघे. पाचवे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी या पथकाने मुंबईचा किनारा सोडला. कोटणीस यांना अठ्ठावीस वर्षे पूर्ण व्हायची होती.

कँटनला श्रीमती सुन् यत्-सेन यांनी पथकाचे स्वागत केले. पण स्वागताचे हार सुकायच्या आतच युद्धाने गती घेतली. ऑक्टोबरअखेर कँटन आणि हँकाऊ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. पथक यांगत्से नदीने आत सरकत युद्धकाळातील राजधानी चुंगकिंगला पोहोचले. तेथे कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. परत जाण्यास सबब पुरेशी होती आणि तिला कोणीही नावे ठेवली नसती. ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर, दाखल झाले. माओ त्से-तुंग यांनी त्यांची भेट घेतली. प्रत्येक डॉक्टराच्या नावाला चीनचा निदर्शक असा 'हुआ' हा प्रत्यय जोडण्यात आला होता. कोटणीस यांचे के दीहुआ झाले, आणि त्याच नावाने चीन त्यांना ओळखतो.

याच वर्षी चोळकर आणि मुखर्जी मायदेशी परतले. १९४० मध्ये प्रकृतीच्या कारणाने अटलही निघाले. राहिले बसू आणि कोटणीस. हा तपशील मुद्दाम दिला आहे, कारण पुढे स्मरणाच्या बाजारात या पाचांचे भाव कसे ठरले हे त्यावरून कळते.

येनानच्या रुग्णालयात काम होते. परंतु आघाडी तेथून दूर होती. १९३९ च्या नोव्हेंबरात अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे निघाले. उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. त्यांच्याविषयी येथे चार शब्द सांगितल्याखेरीज कोटणीस यांचे कार्य समजणार नाही. बेथ्यून यांनी १९३८ मध्ये शान्सी प्रांतातील एका खेड्यात हौसेने नमुनेदार रुग्णालय उभारले आणि थोड्याच आठवड्यांत जपान्यांनी ते उद्ध्वस्त केले. गनिमी युद्धात मोठी इमारत म्हणजे शत्रूला आयते लक्ष्य, हा धडा त्यांनी घेतला. मग शस्त्रक्रियेचे सारे साहित्य खेचराच्या पाठीवर लादता येईल अशा खोक्यांत बसवून ते जखमीपर्यंत जाऊ लागले. जखमी आपल्यापर्यंत येण्याची वाट पाहणे त्यांनी सोडून दिले. शिवकालाचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला या युक्तीचे मर्म सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच, की येथे हलके आणि चपळ व्हायचे होते ते घोडदळ नव्हते, दवाखाना होता. हातमोज्यांविना शस्त्रक्रिया करीत असता बोटाला झालेली जखम चिघळून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून मरण पावले. भारतीय डॉक्टर त्यांच्या दिशेने वाटेवर होते. भेट झालीच नाही.

भेट झाली ती समाधीशी. २१ जून १९४० रोजी हपेई प्रांतात बेथ्यून यांच्या समाधीचे उद्घाटन झाले, त्या प्रसंगी कोटणीस आणि बसू हजर होते. स्मरणसमारंभ शांततेच्या काळात, सवडीने, आसनस्थ होऊन करायचे असतात अशी आपली समजूत आहे. येथे शत्रूच्या ठाण्यांपासून फार दूर नसलेल्या मुलखात, युद्ध ऐन भरात असताना, सैनिक आणि परिचारिका एका परदेशी डॉक्टराच्या थडग्यापाशी जमल्या होत्या. त्यांच्यातच क्वो छिंगलान ही तरुण परिचारिका होती. दीड वर्षाने, १९४१ च्या अखेरीस, तिचा आणि कोटणीस यांचा विवाह झाला. चित्रपटवाल्यांना ही प्रेमकथा भावली यात नवल नाही. परंतु त्या दिवसाचे खरे महत्त्व निराळे आहे. गेलेल्या डॉक्टराचे स्मरण तेथे त्याची जागा भरून काढण्याच्या कामी लागले. त्याच्या नावाच्या रुग्णालयाला सर्जन हवा होता, त्याच्या नावाच्या शाळेला शिक्षक हवा होता; कोटणीस यांनी दोन्ही जबाबदाऱ्या उचलल्या.

१९४० च्या ऑगस्टमध्ये आठव्या मार्गसेनेने जपान्यांच्या रेल्वेमार्गांवर आणि ठाण्यांवर मोठी मोहीम उघडली. ती शंभर रेजिमेंटांची मोहीम म्हणून ओळखली जाते. या मोहिमेत कोटणीस आघाडीलगतच्या शस्त्रक्रिया पथकात होते. चिनी नोंदींनुसार तेरा दिवसांत त्यांच्याकडे आठशेवर जखमी आले आणि त्यांपैकी ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. एकदा तर सलग तीन दिवस आणि तीन रात्री त्यांनी विश्रांती घेतली नाही. या आकड्यांवरून वाचकाने घाईने पुढे जाऊ नये. ५५८ ला तेराने भागले तर दिवसाला सरासरी त्रेचाळीस शस्त्रक्रिया होतात. त्यांत लहानमोठ्या सर्व आल्या असे धरले, तरी प्रत्येक वेळी कोणीतरी दिवा धरलेला असतो, कोणीतरी माणसाला दाबून धरलेले असते, औषध पुरेल की नाही याचा अदमास घ्यावा लागतो, आणि आधी कोणाला आत घ्यायचे हे ठरवावे लागते. हा शेवटचा निर्णय युद्धातील वैद्याच्या वाट्याला येणारा सर्वांत कठोर निर्णय होय. ज्याची वेळ मागे ढकलली तो कदाचित वाचणार नाही, हे त्याला पुरते ठाऊक असते. सेनापतीही असे निर्णय करतो, परंतु ते नकाशावर. डॉक्टरासमोर तो माणूस कण्हत पडलेला असतो.

त्या जखमींची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. बहुतेक खेड्यांतले शेतकरी होते. त्यांना खांद्यावरून वाहून आणणारे आणि आपल्या घरात लपवून ठेवणारे गावकरीही शेतकरीच. स्मारकांच्या व्यवहारात एका मोठ्या नावाखाली हजारो लहान नावे दडपली जातात, हा जगभरचा अनुभव आहे.

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस हे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. संचालक हा शब्द वाचून कोणाच्या डोळ्यांसमोर खुर्ची आणि घंटा आली असेल तर ती बाजूला सारावी. जपानी फौजा गावेच्या गावे जाळीत हा मुलूख पिंजून काढीत होत्या. रुग्णालय म्हणजे खेड्यांतील घरे, आणि फौज जवळ आली की रुग्णांसह डोंगराकडे कूच. औषधांची नाकेबंदी होती. खाणे सैनिकांचे तेच, प्रामुख्याने राळे. सोलापूरच्या कोरडवाहू मुलखात वाढलेल्या माणसाला हे धान्य अगदीच अनोळखी नसावे. पण दोन्ही वेळा तेच, आणि तेही अपुरे, ही गोष्ट निराळी. या धामधुमीत त्यांनी चिनी भाषा इतकी आत्मसात केली, की ते त्या भाषेत शल्यशास्त्र शिकवू लागले. भाषेचा हा पराक्रम मला त्यांच्या बहात्तर तासांच्या जागरणाइतकाच मोठा वाटतो. परक्या सैनिकाची जखम शिवायला भाषा लागत नाही. त्याचे दुखणे ऐकून घ्यायला लागते. आपण गेल्यावर ती जखम शिवणारा दुसरा कोणी तयार करायला तर लागतेच लागते.

जुलै १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. आपल्याकडे त्यांचे गुणगान करताना ही गोष्ट सहसा हलक्या आवाजात सांगितली जाते अथवा गाळलीच जाते. चीनमध्ये तिलाच अग्रपूजेचा मान मिळतो. दोन्हीकडे सोय पाहिली जाते. काँग्रेसच्या आवाहनाला ओ देऊन निघालेला राष्ट्रवादी तरुण चार वर्षांत तेथवर का पोहोचला, हे समजून घ्यावयाचे असेल तर त्याने ती वर्षे कोणाबरोबर आणि काय खाऊन काढली ते पाहिले पाहिजे. त्यासाठी त्या पक्षाच्या पुढील कारभाराचे समर्थन करण्याची आवश्यकता नाही.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती नी रुंगचन यांनी सुचवलेले नाव ठेवण्यात आले, इनहुआ. भारत आणि चीन या दोन्ही देशांची अक्षरे त्यात आहेत. कोटणीस यांना या सुमारास अपस्माराचे झटके येत होते. इतरत्र जाऊन उपचार घ्यावेत असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी जागा सोडली नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपेई प्रांतातील तांग परगण्यात त्यांचे निधन झाले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

येथे चरित्र संपते आणि स्मरणाचा, म्हणजेच सोयीचा, इतिहास सुरू होतो. १९४३ मध्ये बसू परतले. त्यांनी सांगितलेल्या हकिकतीच्या आधारे ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. त्या चित्रपटाचे उपकार नाकारता येणार नाहीत. तो नसता तर हे नाव घरोघर पोहोचले नसते. परंतु त्यात रोगाच्या साथीशी झुंजणारा नायक आणि त्याची प्रेमकथा यांना जे स्थान मिळाले ते आघाडीवरच्या कंटाळवाण्या शस्त्रक्रियांना मिळणे शक्य नव्हते. पडद्याचा धर्मच तो. दोष असलाच तर तो आपला. चित्रपट पाहून झाल्यावर आपण चरित्र वाचावयाचे सोडून दिले.

पुढचा प्रवास तर राजकारणाच्या भरती-ओहोटीप्रमाणे झाला. १९५३ मध्ये चीनने त्यांचे अवशेष शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत आणले. त्याच दफनभूमीत बेथ्यून यांची समाधी आहे. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भारत आणि चीन यांच्यात युद्ध पेटले. शस्त्रसंधीनंतर तीन आठवड्यांच्या आतच कोटणीस यांची विसावी पुण्यतिथी आली. ज्या सैन्याच्या जखमा त्यांनी बांधल्या होत्या, त्याच परंपरेतील सैन्याशी लढताना आपले जवान हिमालयात धारातीर्थी पडले होते. त्या डिसेंबरात कोटणीस यांचे नाव घेणे कोणालाही जड गेले असेल. १९७६ मध्ये दोन्ही देशांनी पुन्हा राजदूत नेमले आणि त्याच वर्षी शिजियाझुआंगला कोटणीस यांचा पुतळा उभा राहिला. १९८२ मध्ये, चाळिसाव्या पुण्यतिथीच्या वर्षी, चीनने त्यांचे टपाल तिकीट काढले. भारताने ते काढायला १९९३ साल उजाडावे लागले. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारक झाले ते २०१२ मध्ये, मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी. चार हुतात्म्यांचे पुतळे भर चौकात उभे करणाऱ्या गावाला आपल्या या पाचव्या सुपुत्रासाठी इतका काळ का लागावा, याचे उत्तर गावात शोधण्यापेक्षा दिल्ली आणि बीजिंग यांच्या संबंधांत शोधावे लागेल.

२०२० च्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान मृत्युमुखी पडले. त्यानंतर तीन महिन्यांनी शिजियाझुआंगमध्ये कोटणीस यांच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत त्यांचा नवा पुतळा बसवण्यात आला. या घटनेत कोणी मुत्सद्देगिरी पाहील, कोणी कृतज्ञता पाहील. मला त्यातील एकच गोष्ट मोलाची वाटते: पुतळा शाळेत आहे, जेथे परिचारिका आणि वैद्यकीय सेवक शिकतात.

आपल्याकडे याच धर्तीवर काही करता येण्याजोगे आहे. कोटणीस यांच्या नावे आणखी एखादा चौक नको. सोलापूर, मुंबई आणि नागपूर येथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना आपत्तीत, तुटपुंज्या साधनांनी, रुग्णाच्या दारात जाऊन शस्त्रक्रिया कशी करावी याचे शिक्षण त्यांच्या नावाने देता येईल. पथकातील पाचही डॉक्टरांची पत्रे, दैनंदिन्या, छायाचित्रे एकत्र आणून नीट मराठीत प्रसिद्ध करता येतील. नागपूरच्या डॉ. चोळकरांविषयी आज किती मराठी वाचकांना चार ओळी सांगता येतील? उतारवयात, तरुण सहकाऱ्यांबरोबर, बाँबवर्षाव चाललेल्या देशात हा गृहस्थ गेला. त्याचा अपराध इतकाच, की तो जिवंत परतला. मृत्यूने कीर्तीवर शिक्कामोर्तब केल्याखेरीज आम्हांला सेवा दिसत नाही. युद्धातून परतलेले सैनिक आणि वैद्य यांचा अनुभव ते हयात असताना कोणी विचारीत नाही, आणि ते गेले की विचारण्यासारखे कोणी उरत नाही.

कोटणीस यांची पत्नी क्वो छिंगलान पुढे भारतात आपल्या सासरच्या माणसांना अनेकदा भेटून गेल्या; २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. इनहुआने वडिलांचाच मार्ग धरला होता, परंतु वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच १९६७ मध्ये तो वारला. अखेरच्या काळात कोटणीस विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राची पाठ्यपुस्तके चिनी भाषेत लिहीत होते. सामान्य तत्त्वे सांगणारे पहिले पुस्तक लिहून झाले होते. एकेका शस्त्रक्रियेचे तपशील देणारे दुसरे त्यांनी हाती घेतले होते. ते डिसेंबरात अर्धेच राहिले, आणि रुग्णालय त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे चालवले.